बाईमाणूस नसलेल्या घरातलं बाळंतपण

"तुमच्या घरी बाईमाणूस न्हाई, भाऊ. पोरगी इथंच राहू द्या. मला काय ती परकी हाय? मी करते तिचं सगळं."

विहीणबाई हे म्हणाल्या तेव्हा त्या माझ्यासमोर चहाचा कप ठेवत होत्या. माझ्या मुलीला सातवा महिना लागला होता. पहिल्या बाळंतपणासाठी तिला घरी आणायला मी गाडी करून देवगाव फाट्याच्या पुढे, तिच्या सासरी गेलो होतो. विहीणबाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो नंतर पुष्कळदा शोधला, पण सापडला नाही. त्या दिवशी मला मात्र एवढंच ऐकू आलं, की माझं घर हे आता कुणाचं माहेर होऊ शकत नाही.

माझी बायको चार वर्षांपूर्वी गेली. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी मांडवात बायका बोलत होत्या, "ह्या पोरीला आता कुठलं आलं माहेर? बाप दिवसभर दुकानात." मी मागे पाण्याचे जार मोजून घेत होतो. ते वाक्य मी खाली पडू दिलं नाही. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की आई नसली तरी हिला माहेर आहे, हे मी एकदा सगळ्यांना दाखवून देईन.

"पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, बाई," मी म्हणालो. "हिची आई असती तर तुम्ही असं म्हणाला असता का?"

विहीणबाईंनी कप माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "तसं न्हाई हो भाऊ. तुमी कशाला मनाला लावून घेता? घ्या, चहा गार होयलाय."

मुलगी आतल्या दाराशी बॅग घेऊन उभी होती. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कुणी विचारलं नाही. तिची सासू विचारणारच होती असं मला वाटतं, पण मी उठलो आणि बॅग उचलली.

पेडगावच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या आमच्या गावात माझं मेडिकल दुकान आहे. पंचवीस वर्षं मी ते चालवतो. गावात मला डॉक्टर म्हणतात, आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही. बाळंतपणाची माहिती मला नव्हती असं नाही. टाके सुकण्याचं मलम, दूध येण्याची पावडर, बाळाच्या पोटदुखीचे थेंब हे सगळं मी रोज विकतो. सुना स्वतः येत नाहीत, नवऱ्याला नाही तर सासूला पाठवतात. नवरे दुकानात गर्दी असली तर बाजूला उभे राहतात आणि गर्दी ओसरली की खाली मान घालून सांगतात. "घरी अंगावर पाजायलाय, तिला जरा त्रास होयलाय." मी जास्त विचारत नाही. वस्तू कागदात गुंडाळून देतो. न विचारणं हा माझ्या धंद्यातला चांगुलपणा आहे असं मी समजत होतो.

मुलगी घरी आली आणि पहिल्याच सकाळी माझ्याआधी उठून तिने चहा ठेवला. मी म्हणालो, "तू बस, मी करतो." ती म्हणाली, "असू द्या पप्पा. बसून तरी काय करू?" मी पुन्हा म्हणालो नाही. तिच्या लग्नापासून मी हाताने भाकरी थापत होतो, जाड, काठाला कच्ची. आता ताटात तिच्या पातळ भाकरी पडू लागल्या. नववा महिना लागेपर्यंत ती स्वयंपाक करत होती. तिचे पाय सुजायचे. दुपारी मी जेवायला आलो की ती ओट्याला टेकून, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी असायची. मी ते बघायचो, आणि जेवायचो.

तिला बोलायला कुणी नव्हतं. तिचा नवरा पुण्याला कंपनीत. तो संध्याकाळी फोन करायचा. दिवसा घरात ती एकटी. तिला काय खावंसं वाटतंय हे मी रोज विचारायचो, तेवढं मला जमत होतं. चिंचा आणल्या, बोरं आणली, परभणीहून एकदा जिलेबी आणली. पण कंबर दुखते का, झोप लागते का, भीती वाटते का, हे मी कधी विचारलं नाही. एकदा ती स्वतःहून म्हणाली, "पप्पा, माझ्या वेळी आईला लय त्रास झाला होता का?" मी त्या वेळी दुकानात होतो, मला काही माहीत नव्हतं. तसं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "नाही गं, सहज झाली होतीस तू." ती हसली. मला वाटतं तिला ते खोटं आहे हे कळलं.

तपासणीला मी तिला परभणीला घेऊन जायचो. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच वेळी विचारलं, "बरोबर बाई कोणी नाही?" मी म्हणालो, "मी आहे ना." त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा." मी बाहेर बसलो. बाकावर सगळ्या आया, सासवा, नणंदा. एक म्हातारी मला म्हणाली, "मालकीन आत गेली का?" मी म्हणालो, "मुलगी आहे." ती जरा सरकून बसली आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला मुलगी झाली. पहाटे दवाखान्यात नेलं आणि दुपारी झाली. टाके पडले. माझी धाकटी बहीण आदल्या आठवड्यातच येऊन राहिली होती, म्हणून आत तरी कुणी होतं. बाळ बाहेर आणलं तेव्हा बहीण म्हणाली, "घे आजोबा, तुझ्यावानीच नाक हाय, बिचारीचं नशीब." मी हसलो. त्या सगळ्या दिवसांत मी मोकळेपणाने हसलो ते तेव्हाच.

घरी आल्यावर मधल्या खोलीत बाज टाकली. बाजेखाली शेकाची शेगडी, खिडकीला जुनं लुगडं, कोपऱ्यात ओवा आणि शेपांची धुरी. खारीक, खोबरं, डिंक मी आधीच आणून ठेवलं होतं आणि लाडू बहिणीने वळले. पाचवीची पूजा तिनेच केली. पण तिच्या शेतात हरभरा काढणीला आला होता आणि माणसं मिळत नव्हती. बारशानंतर तिचा नवरा तिला घेऊन गेला. जाताना मला म्हणाली, "दादा, न्हाऊ घालायला मावशी येतेच. तू फक्त पोरीला येळेवर जेवू घाल, आन् तिच्याजवळ बसत जा. नुसता दुकानात बसू नको."

बारसं मी जोरात केलं. मांडव घातला, गाव जेवू घातलं. विहीणबाई बाळासाठी कुंची, झबली आणि पितळी वाटी-चमचा घेऊन आल्या. त्या सून बसली होती त्या खोलीत बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बरा नव्हता. म्हणाल्या, "भाऊ, आता झालं की बारसं. लोकांनी बघितलं. आता नेऊ का मी हिला?"

"सव्वा महिना तरी होऊ द्या."

"सव्वा महिना तुमचा. तोवर हिचं कोन बघनार?"

"मी आहे. मावशी आहे."

"मावशी घंटाभर येती, भाऊ."

जावई तिथेच उभे होते. ते आईला म्हणाले, "राहू दे आई, पप्पा म्हणतात तर." जावईही माझ्यापुढे उलटून बोलत नव्हते आणि मी ते मान ठेवणं समजून खूश झालो.

मी जे सांगायला बसलो आहे ते इथून पुढचं आहे.

मावशी म्हणजे गावातली साठीची बाई. तिने आमच्या गावातली निम्मी लेकरं न्हाऊ घातलेली. सकाळी यायची, बाळाला पायावर घेऊन तेल लावायची, मग बाळंतिणीचं अंग चोळायची, पाणी घालायची. त्या वेळी मी घरात थांबत नव्हतो. सतराव्या दिवशी ती जाताना दुकानावर आली. बाकावर दोघेजण बसले होते, एकजण रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला उभा होता. मावशी पायरीवरूनच म्हणाली, "डॉक्टर, पोरीला बगा जरा. अंग गरम लागायलंय. आन् इकडं..." तिने पदरावर हात ठेवला. "इकडं गाठ आल्यावानी झालंय. मला हात लावू देईना."

बाकावरचे दोघे रस्त्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "बरं बरं मावशी, बघतो मी."

"बगतो न्हाई, दवाखान्यात दाखवा."

"दाखवतो म्हणलं ना."

ती गेली. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा म्हणाला, "डॉक्टरच्या घरीच डॉक्टर पाहिजे म्हना की." बाकीचे हसले. मीही हसलो.

दुपारी जेवायला गेलो तेव्हा मुलीला विचारलं, "बरं वाटतंय ना?" ती म्हणाली, "हो." मी म्हणालो, "मावशी म्हणत होती अंग गरम आहे." ती म्हणाली, "शेगडीनं असेल." मला हेच ऐकायचं होतं. तिने सांगितलं आणि मी मानलं. मावशीने जे दुसरं सांगितलं होतं, ते मी तोंडातून काढलं नाही. बाप मुलीला हे कसं विचारणार, असं मला वाटलं. दुकानात दहा नवऱ्यांना मी त्यासाठी औषध दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी मावशीचा चुलत दीर वारला. सुतक लागलं. सुतकातल्या बाईने ओल्या बाळंतिणीला आणि लेकराला शिवायचं नाही, हे आमच्याकडे सगळे पाळतात. मावशीने निरोप पाठवला, की दहा दिवस येता यायचं नाही, दुसरी कुणी बघा. मी दुसरी बघितली नाही. दोन घरी विचारलं, त्या कापणीला जात होत्या. मग म्हणालो, दहाच दिवस आहेत, मी करतो.

आणि मी केलं. हे सांगताना मला अजून थोडा अभिमान वाटतो, आणि त्याचीच लाज वाटते. पाटावर बसून, लुंगी गुडघ्यापर्यंत घेऊन, पाय लांब करून मी नातीला पायावर पालथं घातलं. कोपर बुडवून पाणी बघितलं. तिच्या मानेखाली हात धरून पाणी घातलं. ती रडली नाही. ती माझ्या पोटरीवर गाल ठेवून पडली होती आणि तिच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं. मुलगी बाजेवरून बघत होती. म्हणाली, "पप्पा, तुम्हाला येतंय की." दारावरून जाणाऱ्या एका बाईने बघितलं आणि गावभर सांगितलं. संध्याकाळी दुकानात लोक म्हणाले, "डॉक्टर, मानलं बुवा. आईच्या वरताण केलं." मी घरी आलो तेव्हा माझी छाती भरून आली होती. मला वाटलं, विहीणबाईंना हे कळायला हवं.

पण बाळाला आंघोळ घालणं सोपं होतं. बाळाला बाप-लेकीची लाज नव्हती.

मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचा रस्ता आहे, दुसरा नाही. चहा, पाणी, खीर, शेगडीतले निखारे, सगळ्यासाठी मला तिथून जावं लागायचं. मी उंबऱ्याशी खोकायचो. मी खोकलो की आत चादरीची गडबड व्हायची, ती घाईने पदर ओढायची आणि बाळाला तोडून बाजूला ठेवायची. बाळ रडायचं. मी खाली बघत पुढे जायचो आणि परत येताना पुन्हा खोकायचो. दिवसातून कितीदा मी गेलो असेन! कधी पाण्याचा तांब्या भरायला, कधी दूध उतू जातंय का बघायला, कधी नुसतं तिला काही हवं का विचारायला. बहिणीने सांगितलं होतं ना, तिच्याजवळ बसत जा. बाळ जास्त रडायला लागलं तेव्हा मला वाटलं दूध कमी पडतंय. मी दुकानातून बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा आणून ओट्यावर ठेवला. तिने डब्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिसऱ्या दिवशी खिडकीत तापाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट दिसलं. दहा गोळ्यांचं. घरात ते असायचंच, मीच ठेवलेलं. तीन दिवसांत संपलं होतं.

ती गोळ्या कशासाठी घेत होती, हे मी तिथे उभं राहून विचारू शकत होतो. ती जागी होती. मी ते रिकामं पाकीट उचललं, दुकानात गेलो, आणि दुपारी येताना नवं आणून त्याच जागी ठेवलं. काही बोललो नाही. खरं सांगतो, मला त्या वेळी बरं वाटलं. न विचारता समजून घेतलं, तिला ओशाळवाणं होऊ दिलं नाही, असं वाटलं. दोन दिवसांनी तेही रिकामं होऊन खिडकीत, अगदी पुढे, गजाला टेकून उभं होतं. मी तेही उचललं. तिसरं ठेवलं.

मी औषधं विकणारा माणूस आहे. गोळीने ताप उतरतो, ज्यामुळे ताप येतो ते उतरत नाही, हे मी गिऱ्हाइकांना सांगतो. दोन दिवसांपेक्षा जास्त ताप असला तर दवाखान्यात जा, असंही सांगतो. ते वाक्य मला पाठ आहे.

सहाव्या दिवशी दुपारी मी जेवायला आलो. मार्चचं ऊन, पत्रे तापलेले. खोलीत गेलो, खोकलो, पण आत काही हाललं नाही. ती दोन गोधड्या घेऊन पडली होती आणि तिचे दात वाजत होते. बाळ बाजूला रडून रडून निळं व्हायला आलेलं. मी तिच्या कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत, ती मोठी झाल्यावर, मी पहिल्यांदा तिच्या कपाळाला हात लावला असेल.

"काय होतंय?"

"पप्पा, मला दवाखान्यात न्या."

"कुठं दुखतंय?"

ती रडायला लागली. "काकूला बोलवा. कुणाला तरी बोलवा. तुम्हाला नाही सांगता येत."

शेजारची काकू आली, आत गेली आणि लगेच बाहेर आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाडी आना. आत्ताच्या आत्ता." मग मला ऐकू येईल अशा बेताने पुटपुटली, "लाल भडक झालंय. पोरगी कशी सोसायली काय म्हाईत."

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला आत बोलावलं. स्तनात पू झाला होता. चीर देऊन काढावा लागणार होता. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"सहा-सात."

"आणि आज आणता? ताप नव्हता का?"

"गोळी घेत होती."

"कुणाला विचारून? बाळाला नीट पूर्ण पाजत होती का? मध्येच तोडत होती का? असं सारखं अर्धवट पाजलं की दूध आत साठून राहतं. त्यात जंतू गेले की हे होतं. वेळेवर आला असता तर औषधावर भागलं असतं." मग त्यांनी कागदावरून डोळे वर केले. "तुम्ही काय करता?"

"मेडिकल आहे," मी म्हणालो.

त्यांनी डोळे पुन्हा कागदावर वळवले. लिहीत राहिल्या.

माझा फोन गेल्यावर विहीणबाई दुपारच्याच बसने निघाल्या आणि दिवस मावळायच्या आत दवाखान्यात पोचल्या. मी व्हरांड्यात बाळाला घेऊन उभा होतो. मला वाटलं, आता त्या बोलतील. बोलायला हव्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून बाळ घेतलं, दुपट्याची घडी नीट केली आणि विचारलं, "तुमी जेवलात का भाऊ?" मी नाही म्हणालो. "मग जेवून या. मी हाय इथं." आणि त्या आत गेल्या. दार लोटलं गेलं. आतून मला मुलीचा हंबरडा ऐकू आला, "आई..." सासूला ती आई म्हणते हे मला माहीत होतं. पण असं म्हणते, हे माहीत नव्हतं.

चार दिवसांनी तिला सोडलं. सव्वा महिना झाला नव्हता. ओली बाळंतीण अशी मध्येच गाव ओलांडून नेत नाहीत, ओटी भरल्याशिवाय माहेरातून पाठवत नाहीत. विहीणबाईंनी यातलं काही मला विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. दवाखान्याच्या दारातूनच ती सासरी गेली. मी घरी जाऊन तिचे कपडे, बाळाची झबली, उरलेले लाडू भरून आणले. गाडीच्या खिडकीतून तिने विचारलं, "पप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

मी म्हणालो, "नाही गं. माहीत असतं तर मी थांबलो असतो का?"

ती म्हणाली, "तेच म्हणलं."

जखम भरायला दीड महिना लागला. त्या बाजूचं दूध आटलं. ती एका बाजूने पाजत होती आणि वरून पावडर देत होती. विहीणबाई फोनवर सांगायच्या, मीही आता सरळ विचारायचो, जखम कशी आहे, दूध किती येतं. नात वाढत होती. आषाढात मी तिला बघायला गेलो. मुलगी पडवीत तिच्या केसांना तेल लावत होती. ती बारीक झाली होती, पण सासूशी काहीतरी वाद घालून हसत होती. मला बघितल्यावर उठली, पाणी दिलं आणि बाळाला घेऊन आत गेली.

तेव्हा विहीणबाईंनी मला सांगितलं. त्यांना ते माझ्यापासून लपवायचं होतं असं वाटत नाही आणि मला दुखवायचंही नव्हतं. शेंगा फोडता फोडता त्या बोलल्या. "भाऊ, एक इचारू का? ती म्हनती, गोळ्याचं रिकामं पाकीट ती मुद्दाम खिडकीत पुढं उभं करून ठेवायची. तुमी बघावं म्हनून. तोंडानं सांगता येईना ना तिला. तुमाला दिसलं न्हाई का ते?"

मी समोरची एक शेंग उचलून फोडली.

"ती म्हनती, रिकामं झालं की नवं पाकीट यायचं. मग तिला वाटलं, पप्पा गोळ्या आनून ठेवायलेत म्हंजे एवढंच करायचं असंल. आनखी काय सांगायचं?" त्या शेंगांची टरफलं सुपात सारत होत्या. "मला वाटलं, दुकानातलं कुनी आनून ठेवत असंल. तुमी न्हाई."

दुकानात माझ्याशिवाय कुणी नाही, हे त्यांनाही माहीत होतं. माझ्यासाठी त्यांनी तेवढी जागा ठेवली होती. मी त्या जागेत शिरलो, मान हलवली आणि उठलो. त्या दिवशीही मी मुलीशी बोललो नाही.

दिवाळीला तिला आणायला गेलो. लग्न झाल्यापासून प्रत्येक दिवाळीला ती माहेरी आली होती, नवरा पाडव्याला यायचा. बसमध्ये बसताना मी ठरवलं होतं, की आज सांगायचं. ती मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. नात गोधडीवर बसून चिमटे तोंडात घालत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पाकीट दिसलं होतं. दोन्ही वेळा दिसलं होतं. मीच उचलत होतो आणि मीच ठेवत होतो. मावशीनेही मला सांगितलं होतं, गाठीचंसुद्धा. मला विचारायची लाज वाटली. आणि गाडीपाशी मी तुझ्याशी खोटं बोललो.

तिने हातातलं लुगडं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. त्याच्या आड तिचा चेहरा गेला. मी वाट बघत राहिलो. ती रडेल असं वाटलं, किंवा म्हणेल, जाऊ द्या पप्पा. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

"मावशीनं सांगितलं होतं?" ती लुगड्याच्या पलीकडून म्हणाली.

"हो."

"कधी?"

"सतराव्या दिवशी."

नातीने चिमटा फेकला. तिने वाकून तो उचलला, पाण्यात बुडवून पुसला आणि पुन्हा नातीच्या हातात दिला.

"तेव्हा मला वाटलं होतं, की फक्त मलाच माहीत आहे," ती म्हणाली. "एकटीलाच. लय भ्या वाटायचं."

मग ती बाहेर आली. पदराने हात पुसले. माझ्याकडे बघून, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चहा टाकते पप्पा. जेवूनच जा आता." आणि घरात शिरता शिरता, पाठ माझ्याकडे असताना, "दिवाळीला मी इथंच राहते. इथं बरी आहे मी."

मी जेवलो. विहीणबाईंनी आग्रह करून दोन पोळ्या जास्त वाढल्या. नात माझ्या मांडीवर आली नाही, मी हात पुढे केला की तोंड फिरवायची. निघताना मुलीने फराळाचा डबा दिला, तिनेच केलेला. आजवर दिवाळीत तिला डबा भरून द्यायचं काम आमच्या घरचं होतं. फाट्यावर बसची वाट बघत मी तो मांडीवर घेऊन बसलो. डबा अजून गरम होता.